खालच्या खोल्या

३ मार्च, सोमवार

दादा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं, मग खोडलं. अकरा वर्षं साधी चौकशी न करणारी बहीण एकदम पाया पडायला आली, तर तू पत्र तिथंच मिटून ठेवशील. आईला तू सहा महिन्यांनी एक कार्ड टाकतोस. त्यावर पत्ता नसतो, पण टपालाचा शिक्का असतो. आपल्या टपालवाल्यानं त्यावरून तिकडच्या टपालवाल्याला विचारून तुझं घर शोधून काढलं. त्याच्यावर रागावू नकोस, मीच गळ घातली होती.

काम किरकोळ आहे. आपल्या वस्तीची कागदोपत्री नोंद करायचं चाललंय. तुला माहीतच आहे, ओढ्याच्या पूर्वेला एक जिल्हा, डोंगराच्या पश्चिमेला दुसरा, आणि आपण मधल्या बेचक्यात. दोघांच्याही नकाशात आपल्या जागी नुसता पांढरा कागद. आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नाही. जनगणनेचा माणूस आपल्याकडे पोचेपर्यंत पुढची जनगणना लागते, असं म्हणून आपण हसायचो.

आता कचेरीनं एक छापील फॉर्म दिलाय. वस्ती कधी वसली, कुणी वसवली, चतुःसीमा, घरं, माणसं, जमिनीचा प्रकार. लिहितं माणूस म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. इतिहास मी लिहून काढला. नव्वद वर्षांपूर्वी तीन कुटुंबं चुना भाजायला आली, त्यांनी माळावर भट्ट्या घातल्या. वरचा दगड संपला तशी कंपनी आली आणि जमिनीखाली शिरली. भर होता तेव्हा साठ घरं, दोन दुकानं, एक न्हावी, कंपनीनं बांधून दिलेली शाळा. आज एकतीस घरं, एकशे चार माणसं, शाळेत चौदा मुलं आणि मी.

भूगोलापाशी अडले. उत्तरेला भट्ट्यांचा माळ, दक्षिणेला फाटा, मधे घरांच्या तीन ओळी आणि त्यांच्या मधोमध शाळा. हे झालं वरचं. खाली काय आहे ते मला लिहिता येत नाही. कंपनीचा मोजणीदार तू होतास. दगड काढून पडलेल्या खालच्या खोल्या साधारण कुठून कुठवर गेल्या होत्या, एवढं कळवशील का? फॉर्मपुरतंच हवंय. तुझा त्या वेळचा नकाशा कचेरीत सापडत नाही. हरवला असावा.

आई बरी आहे. चौऱ्याऐंशीची झाली, कान गेलेत, आवाज गेलेला नाही.

खालच्या ओळीतल्या घरांची दारं हल्ली चौकटीला घासतात. शिंपी म्हणतो, लाकूड फुगलं असेल. पाऊस पडून पाच महिने झाले.

धाकटी


२१ मार्च, शुक्रवार

दादा,

उत्तर नाही. माझ्या पत्रातली लबाडी तुला पहिल्याच ओळीत दिसली असणार. तेव्हा खरं कारण लिहिते.

जानेवारीत खालच्या ओळीत बेकरीवाल्याच्या भिंतीला केसाएवढा तडा गेला. फेब्रुवारीत त्यात नख जायचं. आज माझी दोन बोटं जातात. त्याच्या शेजारच्या दोन घरांचंही तेच. विहिरीचं पाणी एका आठवड्यात दोन पुरुष खोल गेलं आणि पंप मारला की दुधासारखं पांढरं येतं. बेकरीवाल्याची बायको ते पाणी चार वेळा गाळते, मग कणीक मळते, मग ती कणीक फेकून देते.

फोरमनकाका अजून आहेत. खाणीतले शेवटचे तेवढेच उरले. त्यांनी मला सांगितलं, तड्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा, पट्टीवर तारीख टाका. मुलांना मजा वाटली. सोमवारी सव्वीस पट्ट्या चिकटवल्या. बुधवारी बघितलं तर एकोणीस मधोमध फाटलेल्या, दोन्हीकडून धरून ताणल्यासारख्या. मी काकांना जाऊन विचारलं, "काका, खाली काय चाललंय?" त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मला काय विचारता बाई, मी हुकमाचा ताबेदार होतो," म्हणाले आणि आत गेले.

मग मी पूर्वेकडच्या कचेरीत गेले. म्हटलं, वस्ती रिकामी करायचा हुकूम द्या, तंबू द्या, एखादा जाणकार माणूस पाठवा. कारकून वाईट नव्हता, चहासुद्धा पाजला त्यानं. मोठं रजिस्टर काढून पानं उलटली.

"बाई, नोंदीत जी वस्ती नाही ती रिकामी कशी करायची? आधी ती भरलेली आहे असं दाखवा."

तिथूनच तो फॉर्म मिळाला. पश्चिमेकडच्या कचेरीत गेले तर तिथला साहेब म्हणाला, डोंगराच्या अलीकडचं आमचं, ओढ्याच्या पलीकडचं त्यांचं.

"आणि मधलं?"

"मधे काही नाही," म्हणाला. समोर उभ्या बाईकडे बघून म्हणाला.

दादा, हुकमाची वाट बघत बसणं मला जमेना. मी खालच्या ओळीतली तीन कुटुंबं शाळेत आणून ठेवली आहेत, अकरा माणसं. आईची खाटही आणली, कारण आपल्या घराच्या मागच्या भिंतीलाही चरा दिसायला लागला. शाळा ही वस्तीतली एकच सिमेंटची इमारत. तिच्या भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. मी रोज हात फिरवून बघते. सगळ्यांना धीर आलाय. वर्ग पुढच्या खोलीत, बिऱ्हाडं मागच्या दालनात.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. दुपारी मुलं शुद्धलेखन लिहीत असली की चिडीचूप असतं. तेव्हा कधी कधी आवाज येतो, कुणीतरी जड पेटी फरशीवरून सरकवावी तसा. परवा शिंप्याच्या मुलीनं विचारलं, "बाई, खाली कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मग सामान कोण हलवतंय?"

बाकीची हसली. मीही हसले. आवाज लांबून, खालच्या ओळीकडून येतो. माझी तशी खात्री आहे.

दादा, तुझ्याकडे मोजणीची वही असेल. तू काही फेकत नाहीस. मला नकाशा काढून पाठव.

धाकटी


२ एप्रिल, बुधवार

दादा,

आज जे लिहिते ते वाचून तू कागद फाडणार असशील तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

तुझा नकाशा कचेरीनं हरवला नाही. तो कचेरीत पोचलाच नाही.

कंपनी बंद व्हायच्या आधीचे ते दोन महिने आठव. चांगला दगड संपला होता आणि जाता जाता त्यांनी खोल्यांची छतं पेलणारे खांबही कापून न्यायला सुरुवात केली. वहिनी जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू एकटा दिवा घेऊन खाली उतरायचास आणि मोजायचास. वर यायचास तेव्हा चुन्यानं पांढराफटक झालेला असायचास. मग अर्ज लिहिलास, नकाशा जोडलास. तापानं तुला उठवत नव्हतं म्हणून पाकीट माझ्या हातात दिलंस. मी बसनं गेले. बसमध्ये अर्ज वाचला. 'वस्ती तीन महिन्यांत रिकामी करावी.' नकाशाची घडी उलगडली नाही. मुलांना नकाशे शिकवणारी बाई मी, उलगडला असता तर समजला असता. समजू नये म्हणूनच उलगडला नाही.

कचेरीच्या बाकावर दीड तास बसले. नाव पुकारलं तेव्हा उठले आणि बाहेर पडले.

वस्ती उठली की शाळा बंद. शाळा बंद झाली की मी कोण? सत्तेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, भावाच्या घरात राहणारी. शाळेत मला सगळे 'बाई' म्हणतात. तेवढ्या एका हाकेसाठी केलं मी ते. निघताना आई म्हणाली होती, "मी इथून हलायची नाही, त्याला तू गप्प कर." पण आईवर ढकलत नाही. तिनं गप्प कर म्हटलं होतं, खोटं बोल म्हटलं नव्हतं.

घरी येऊन तुला सांगितलं, कारकून हसला आणि त्यानं पाकीट टेबलाखाली टाकलं. तू डोळे मिटून घेतलेस. "हसले का?" एवढंच म्हणालास. पाकीट दुसऱ्या दिवशी शाळेच्या शेगडीत गेलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. ताप उतरल्यावर तू शाळेत सगळ्यांना जमवलंस आणि सांगायला लागलास, आणि मी उठून म्हणाले, "वहिनी गेल्यापासून दादाचं डोकं ठिकाणावर नाही. त्याचं मनावर घेऊ नका." माझ्यावर विश्वास नसलेलं त्या खोलीत कुणी नव्हतं. निम्म्यांना तर मीच अक्षरओळख करून दिलेली. शिंप्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला देतात तसं तुला पाणी दिलं. तू निमूट प्यायलास. माझ्याकडे एकदाच बघितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी खोली रिकामी होती.

तुला वाटत आलं की मी तुला एकदा दगा दिला. दोनदा दिला होता.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. बेकरीवाल्याच्या घराची मागची खोली काल अर्धा हात खचली. आम्ही सगळे घाबरलोय आणि एकमेकांना दिसू देत नाही. दाण्याच्या पोत्यापासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सगळं शाळेत आणतोय. नकाशा पाठव. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी.


१४ एप्रिल, सोमवार

दादा,

नकाशा मिळाला. शुक्रवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी. पाकिटावर माझं नाव नव्हतं, नुसतं 'शाळा' लिहिलेलं. आत चिठ्ठी नव्हती. असावी अशी अपेक्षा करण्याची माझी लायकी नाही.

शाळेच्या पडवीत उभी राहून उघडला. तेच तुझं बारीक, सरळ अक्षर. वरची घरं काळ्या शाईत, खालच्या खोल्या लाल शाईत, एकावर एक. बेकरीवाल्याचं घर आधी शोधलं. ते लाल रेघेच्या कडेला होतं, आपलं घरही कडेलाच. मग डोळे आत आत सरकत गेले. मधोमध एवढा मोठा लाल चौकोन, आणि त्याच्या बरोबर वर काळ्या शाईत शाळा. बाजूला तू लिहिलेलं: 'मोठी खोली. सात खांब होते, सातही काढले. छत पातळ. कडेच्या घरांना तडे जातील, इथं आधी काहीच दिसणार नाही. एकदम जाईल.'

माझ्या मागे चौदा मुलं नऊचा पाढा म्हणत होती. एका सुरात, पाय हलवत. त्यांच्या मागच्या दालनात सतरा माणसं, धान्याची पोती आणि आई. सगळ्यांना तिथं मीच आणलं होतं, हाताला धरून.

दादा, माझे पाय उचलेनात. वाटलं, आपण पाऊल टाकलं तर त्याच पावलानं जाईल. ओरडले असते तर सगळी एकदम धावली असती, दारात चेंगरली असती. मी आत गेले. आवाज माझा होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"पाट्या तिथंच ठेवा. आज भूगोल बाहेर, भट्ट्यांच्या माळावर. एकामागून एक जायचं. ज्याच्या पावलांचा आवाज येणार नाही तो जिंकला."

मुलं चवड्यांवर निघाली, मांजरासारखी. एकाला हसू आवरेना, त्यानं तोंडावर हात दाबून धरला. शिंप्याची मुलगी माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही थरथरताय." मी म्हटलं, "ऊन लागलं असेल."

मोठ्यांना नुसता नकाशा दाखवला. बेकरीवाल्यानं तो बघितला, बायकोकडे बघितलं आणि आईच्या खाटेचं एक टोक उचललं. दुसरं मी धरलं. आईचा मात्र आवाज सुरू. "कुठं नेताय मला? मी मेले नाही अजून. हळू धरा रे, माझी चप्पल राहिली!" तिच्या प्रत्येक शब्दासरशी मी फरशीकडे बघत होते. तुझी लाल रेघ पंपापाशी संपते. शाळेच्या पायरीपासून पंपापर्यंत बेचाळीस पावलं. मी मोजली. पंपाच्या पुढं आल्यावर आईची खाट टेकवून मी तिथंच मातीत बसले. आईनं माझ्या डोक्यावर एक चापट मारली आणि मग हात तिथंच ठेवला.

काही झालं नाही. शाळा तशीच उभी होती.

शनिवारी माळावर सगळी जमली. मी नकाशा खडकावर पसरला. शिंप्याचं घर शाळेला लागून, लाल चौकोनात. त्याच्याही भिंतीला तडा नाही. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात बाई, याचं डोकं फिरलंय. मग आज कुणाचं फिरलंय?"

कुणीतरी हसलं. मी सगळं सांगितलं. बस, बाक, शेगडी, आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत बोललेलं खोटं. "दादा शहाणा होता. मी खोटं बोलले," असं दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा मागच्यांना ऐकू जाईल असं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिंपी म्हणाला, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात, आणि आज खरं बोलताय हे आम्ही कसं धरायचं?" मी नकाशा त्याच्यापुढं सरकवला.

मग फोरमनकाका उठले. टोपी काढून हातात धरली. "मोजणीदारानं सात लिहिलेत ना? सातच होते. मी कापवले. तिसरा कापला तेव्हा छत करकरून बोललं होतं. मी वरच्यांना सांगितलं, तर म्हणाले, उरलेले लवकर काढा." आणि खाली बसले.

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. ताडपत्र्या, चादरी, खाटा, सगळं माळावर आलं. तुझ्या नकाशात माळाखाली लाल रेघ नाही. मी तीनदा तपासून बघितलं.


२९ एप्रिल, मंगळवार

दादा,

शाळा गेली. शिंपी गेला.

माळावर आलो त्यानंतर कितीतरी दिवस काहीही झालं नाही. भीती अशी की ती अंगवळणी पडते आणि मग तिचा कंटाळा येतो. ऊन, धूळ, पंपापासून ओढलेल्या एकाच नळीवर पाण्यासाठी रांग. माणसं चिडायला लागली. आधी कुणी तवा आणायला घरी गेलं, मग कुणी तिथंच अंघोळ करून आलं. मी पंपापाशी दोरी बांधली, दोरीवर लाल चिंधी बांधली. लोक दोरी उचलून खालून जायचे आणि मला बघून तोंड फिरवायचे. शिंपी रोज जायचा. परत येताना मुद्दाम माझ्यासमोर थांबायचा. "बाई, शाळा विचारत होती, आमच्या बाई कधी येणार?" मुलंही हसायची. मलासुद्धा एकदा हसू आलं. वाटलं, दादाचं काहीतरी चुकलं असेल. देवाशपथ, असं वाटलं आणि बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी तो हातगाडी घेऊन निघाला. शिलाईची मशीन आणायची होती, कुणाचा तरी कोट अर्धा राहिला होता. मी आडवी गेले. म्हटलं, "जाऊ नका. हवं तर मी जाते, मी एकटी आहे." तो म्हणाला, "तुम्हाला मशीन उचलेल का? दहा मिनिटांचं काम. तुमच्या दादालाही कळू दे, त्याचं गणित जरा जास्तच कच्चं आहे."

मी मुलांना माळावर घेऊन बसले होते. अकराच्या सुमारास तो मशीन दारातून बाहेर काढताना दिसला. गाडीवर ठेवली, दोरी आवळली. इकडे बघून हात हलवला. त्याची मुलगी उभी राहून हात हलवायला लागली.

आधी शाळेच्या छपरावरची पाखरं उडाली, सगळी एकदम. मग शाळा खाली बसली. पडली असं म्हणता येणार नाही. म्हातारं माणूस खाली बसतं तशी सरळ, छपरासकट, खिडक्यांसकट खाली गेली. शिंप्याचं घर तिच्याकडे कललं आणि मागोमाग गेलं. तेव्हाही आवाज नव्हता. आवाज नंतर आला, पायांतून. मग पांढरा धुरळा उठला आणि काही दिसेना. मी त्या मुलीचा चेहरा माझ्या पोटाशी दाबून धरला. ती मला ढकलत होती आणि विचारत होती, "बाबा कुठंयत? आत्ता तर होते!"

धुरळा बसला तेव्हा तिथं खड्डा होता. तळाशी पांढरं पाणी. बेकरीवाला आणि आणखी दोघं कमरेला दोर बांधून कडेपर्यंत गेले. कडेची माती सुटायला लागली तसे मागे आले. शिंपी सापडला नाही.

संध्याकाळी त्याची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "आठवडाभर तुम्ही त्यांना सांगत होतात, ते मी ऐकलंय. पण त्या पाकिटात काय होतं, ते तुम्हाला अकरा वर्षं ठाऊक होतं." मी खाली मान घातली. ती म्हणाली, "वर बघा." मी वर बघितलं. बराच वेळ तिनं मला बघू दिलं. मग गेली.

शुक्रवारी दोन्ही कचेऱ्यांच्या गाड्या आल्या. खड्डा म्हणे दोघांच्याही हद्दीत बसतो. तंबू आले, पाणी आलं, डॉक्टर आला. कारकून मला टाळत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "बाई, मला तेव्हा खरंच रजिस्टरमध्ये सापडलं नव्हतं." मी म्हटलं, माहीत आहे. त्याला दोष देणारी मी कोण?

कड रोज ढासळते. वरच्या ओळीपर्यंत जाईल की थांबेल, इथल्या कुणालाच सांगता येत नाही. आलेले साहेब तुझाच नकाशा उलटसुलट करून बघतात. त्यांनी तुला तार केली आहे. मीही लिहिते. शिंप्याच्या मुलीचं झोपेत दचकणं थांबत नाही, जमीन कुठं घट्ट आहे ते तिला कुणीतरी खात्रीनं सांगायला हवं. माझ्या सांगण्याला आता किंमत नाही. तू ये.


१२ मे, सोमवार

दादा,

तू इथं आहेस, माझ्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर, आणि मी तुला पत्र लिहितेय. बेकरीवाल्याच्या हाती पाठवीन.

चार दिवस झाले तुला येऊन. केस सगळे पिकले तुझे. तू आधी आईच्या खाटेपाशी गेलास. ती तुला नीट न्याहाळून म्हणाली, "एवढा उशीर?" आणि तू तिच्या पायांशी डोकं टेकवलंस. मी तंबूच्या मागे उभी होते. नंतर तू शिंप्याच्या बायकोकडे जाऊन बसलास. फोरमनकाकांशी बोललास. ते रडले, तू त्यांचा हात धरलास. सगळ्यांशी बोललास तू. माझ्या बाजूनं जाताना मात्र जमिनीकडे बघत जातोस. मला तक्रार नाही. जमिनीकडे बघायलाच तर तू आलायस.

आज सकाळी कचेरीच्या पोरगेल्या मोजणीदारानं कडेजवळ यायला साफ नकार दिला. त्याचं काय चुकलं, नवी नोकरी, घरी बायको. तू टेप हातात घेऊन उभा राहिलास, "दुसरं टोक कोण धरतंय?" म्हणालास. कुणी हललं नाही. मी उठले. तू बघितलंस, आणि टेपची कडी माझ्या दिशेनं जमिनीवर ठेवलीस.

दादा, मी त्या कडेला गेले तेव्हा पाय टेकेल तिथं डब्यावर टिचकी मारल्यासारखं वाजत होतं. खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. शाळेच्या फळ्याचा एक तुकडा पाण्यावर तरंगत होता. तू आकडे विचारत होतास, मी ओरडून सांगत होते, तू वहीत लिहीत होतास. एकोणीस मीटर चाळीस. अठरा नव्वद. कडेनं ठोकलेल्या तिसऱ्या खुंटीशी मी वाकले आणि माझ्या टाचेमागची माती हलली. मला कळलंच नाही. तुला कळलं.

"ठमे! मागं ये! ठमे!"

मी मागे उडी मारली तेव्हा मी उभी होते तेवढा तुकडा गेला. पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरानं आला. तू टेप टाकून धावत आला होतास, माझं मनगट धरून मला दहा-पंधरा पावलं ओढत नेलंस. मग तू मनगट सोडलंस, वही उचललीस, त्यावरची धूळ झटकलीस आणि कड कालपासून पाऊण मीटर सरकली असं साहेबांना सांगायला निघून गेलास.

वडील गेल्यापासून मला ठमी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तुला ते नाव अजून येतं हे मला ठाऊक नव्हतं. भीतीनं निघालं तुझ्या तोंडून, प्रेमानं नाही, हे मला समजतं. मी त्याचा गैर अर्थ काढणार नाही.

उद्या वरच्या ओळीची मोजणी आहे, असं बेकरीवाला म्हणाला. अकरा घरं आहेत तिथं. सकाळी साडेसातला मी फाट्यापाशी येते. तू दुसऱ्या कुणाला सांगितलं असलंस तर मी परत जाईन. सांगितलं नसलंस तर टेप मी धरते.

ठमी